फूल दाबायचं कुणासाठी? खानदेशातल्या वाळलेल्या फुलांचा इतिहास



इतिहासाच्या साधनांची यादी करायला सांगितली तर आपण ठरलेली नावं घेतो. ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी, मोडी कागद. आज मला या यादीत आणखी एक साधन घालायचं आहे. कागदात दाबून वाळवलेलं फूल, आणि त्या फुलाशेजारची चिठ्ठी. चिठ्ठीवर जोर देतोय, कारण आजचं सगळं बोलणं शेवटी तिच्यावरच येणार आहे.

वाळलेलं फूल आपल्या घरांत नवीन नाही. शाळेच्या वहीत पिंपळाचं पान ठेवायचं, त्याची जाळी होईपर्यंत रोज उघडून बघायचं, हे इथल्या बहुतेकांनी केलेलं असणार. साड्यांच्या घडीत केवडा, कपाटात बकुळीची फुलं. बकुळ वाळून तपकिरी झाली तरी तिचा वास जात नाही, म्हणून ती ठेवायची. कुणाच्या पुस्तकात गुलाबाच्या पाकळ्याही असतील, त्या का ठेवल्या हे इथे विचारत नाही. आता यातलं एखादं फूल हातात घ्या आणि विचारा: हे कुठलं, कधीचं, कुणी तोडलेलं? ज्याने ठेवलं तो सांगेल. तो गेला की ते फूल मुकं होतं. नातवंडांच्या हाती पुस्तक येतं, फूल खाली पडतं, आणि ते केरात जातं.

तर फूल टिकवणं एक, आणि फुलाची माहिती टिकवणं दुसरं. या दोन गोष्टी एकत्र कधी आल्या, कुणी आणल्या, आणि आपल्या खानदेशात त्या उशिरा का आल्या, हा आजचा विषय.

सुरुवात इथूनच करू. चोपडा तालुक्यात सगळ्यात जास्त वाळवलं जाणारं फूल कोणतं? उत्तरेकडे सातपुड्याच्या पायथ्याला गेलात की लगेच कळेल. मोह. फाल्गुन-चैत्रात मोहाची मांसल फुलं रात्रभर गळतात आणि पहाटे झाडाखाली सडा पडलेला असतो. पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन पोचतात. वेचलेली फुलं उन्हात पसरतात. फिकट पिवळसर फूल काही दिवसांत आक्रसून लालसर तपकिरी होतं, मनुक्यासारखं. ते नीट भरून ठेवलं की पुढे अडचणीच्या महिन्यांत खायला होतं, विकायला होतं, आणि दारूलाही होतं. केव्हा वेचायचं, किती वाळलं म्हणजे बुरशी धरणार नाही, कशात ठेवायचं, हे सगळं ज्ञान पक्कं आहे. ते हाताला माहीत आहे, कागदावर नाही.

या घरात वाळवून ठेवलेल्या फुलावर सरकारचं लक्ष मात्र जुनं. इंग्रजांच्या काळात अबकारीचा महसूल बुडतो म्हणून 1892 साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा वेगळा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर 1949 च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलं आलीच. महाराष्ट्रात आदिवासींना मोहफुलं गोळा करायला, साठवायला आणि न्यायला मोकळीक मिळाली ती 2021 मध्ये. म्हणजे मोहाबद्दल सरकारी कागद भरपूर आहे. पण तो कागद वजनाचा आणि गुन्ह्याचा. कोणत्या गावच्या कोणत्या नाल्यावर कोणती झाडं कधी फुलतात, हे त्यात शोधू नका.

आता दुसऱ्या प्रकारच्या वाळवणाकडे येऊ. पानाफुलांसकट झाडाची फांदी कागदात दाबायची, वाळवायची, दुसऱ्या कागदावर पक्की करायची आणि बाजूला नोंद लिहायची. ही पद्धत सोळाव्या शतकात इटलीत रुळली. लुका गिनी नावाचे वैद्यकाचे प्राध्यापक बोलोन्या आणि नंतर पिसा इथे शिकवत. औषधी वनस्पती विद्यार्थ्यांना दाखवायच्या, तर हिवाळ्यात बागेत काही नसायचं. मग वाळवलेले नमुने पुस्तकासारखे बांधून ठेवायला लागले. त्याला लॅटिनमध्ये नाव पडलं, त्याचा अर्थ 'कोरडी बाग'. अठराव्या शतकात स्वीडनच्या लिनियसने पुस्तक बांधायचं सोडून सुटे कागद कपाटात ठेवले. गोष्ट छोटी वाटते, पण सुटा कागद हवा तिथे हलवता येतो, दोन नमुने शेजारी ठेवता येतात, नवीन आलेला मधे घालता येतो. आज जगभरच्या वनस्पतिसंग्रहालयांत हीच रीत आहे.

म्हणजे लागतं काय? फूल आणि कागद. मग आपल्याकडे कागद नव्हता का? होता. शेजारचं यावल आणि तिकडे एरंडोल, ही दोन्ही गावं हातकागदासाठी नावाजलेली होती. जाडाभरडा देशी कागद, वह्या-चोपड्यांना लागणारा. फुलं दाबायला, खरं सांगायचं तर, असा पाणी शोषणारा कागद फार चांगला. फुलं सातपुड्यात, कागद यावलला. अंतर एका दिवसाच्या चालीचं. तरी कुणी फूल दाबून त्याच्यावर चिठ्ठी लावली नाही. का बरं?

'आपल्याला इतिहासाची जाणीवच नव्हती' हे उत्तर लगेच तोंडावर येतं. मला ते पटत नाही. माझं उत्तर साधं आहे. ज्याला निघून जायचं असतं, त्याला फूल दाबून न्यावं लागतं. जो राहणार आहे, त्याच्यासाठी फूल पुढच्या वर्षी तिथेच येतं. वैदूला कळलावीचा कंद कुठे आहे हे ठाऊक असतं, श्रावण आला की ती वेल कुंपणावर पुन्हा पेटल्यासारखी फुलते. तो कागदात कशाला ठेवेल? उलट परदेशातून आलेला डॉक्टर किंवा जंगल अधिकारी बदली होऊन जाणार असतो, त्याचं कळवायचं ठिकाण समुद्रापलीकडे असतं. तो झाड नेऊ शकत नाही, म्हणून फांदी दाबतो. आणि तिकडच्या माणसाने हे झाड पाहिलेलं नाही, म्हणून चिठ्ठी लिहितो.

ही चिठ्ठी लिहिताना कुणाचं नाव लिहायचं, इथे खरा इतिहास सुरू होतो.

एक चांगलं उदाहरण आधी सांगतो. सतराव्या शतकात कोचीनच्या डच गव्हर्नरने, व्हान रीडने, मलबारच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ करवला. 'हॉर्टस मलाबारिकस', 12 खंड, 1678 ते 1693 मध्ये अॅमस्टरडॅमला छापलेले. माहिती दिली इट्टी अच्युतन या वैद्याने आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांनी. या तिघांचं प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेलं आहे. साडेतीनशे वर्षं होत आली, आजही ते वाचता येतं. झाड कुणी दाखवलं हे त्या ग्रंथाने लपवलं नाही.

आता मुंबई इलाख्यात या. दापोडीला, पुण्याजवळ, सरकारी वनस्पती उद्यान होतं. डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिथे प्रमुख होते, आणि 1847 पासून इलाख्याच्या जंगलांचे पहिले प्रमुख अधिकारी. त्यांनी त्या काळात बागेतल्या आणि आसपासच्या झाडांची दीडशेहून जास्त सुंदर चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या उद्यानात जपलेली आहेत. चित्रकार इथला. त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. 1861 मध्ये डालझेल आणि गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' निघाला. पश्चिम भारतातल्या वनस्पतींचं ते महत्त्वाचं पुस्तक, पण वापरायला अवघड, कारण नमुना नक्की कुठला याचा तपशील त्यात जुजबी.

मग आले थिओडोर कूक. मूळचे इंजिनिअर, पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्राचार्य. भारतीय वनस्पती सर्वेक्षण 1890 मध्ये सुरू झालं, त्यात पश्चिम भारताचं काम त्यांच्याकडे आलं. निवृत्तीनंतर लंडनजवळ क्यू इथल्या संग्रहात बसून त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला, 1901 ते 1908 या काळात तो भागाभागाने निघाला. आजही महाराष्ट्रात वनस्पतीचं नाव लावायचं तर अभ्यासकाला कूक उघडावा लागतो.

या ग्रंथात एक खूण आहे, ती मला फार आवडते. प्रत्येक वनस्पतीखाली ठिकाण येतं, कोकण, दख्खन, खानदेश, आणि पुढे ज्याने नमुना गोळा केला त्याचं आडनाव. नावापुढे उद्गारचिन्ह. हे आश्चर्याचं चिन्ह नाही. त्याचा अर्थ, 'हा वाळलेला नमुना मी स्वतः डोळ्यांनी पाहिला आहे'. इतिहासकाराने मूळ कागद पाहिला की ऐकीव लिहिलं, हे सांगणारी ती तळटीपच. स्टॉक्स, लॉ, डालझेल, वुड्रो या नावांमध्ये मधूनच दिसतं: कानिटकर. गरडे. भिडे. आणि एक नाव, भिवा. नुसतं भिवा.

रा. कृ. भिडे पुढे नाव मिळवलेले वनस्पतिशास्त्रज्ञ झाले, गवताच्या एका प्रजातीला 'भिडिया' असं त्यांचं नाव आहे. भिवाला आडनावही मिळालं नाही. पण विचार करा, झाडावर चढणारा, काट्यात शिरणारा, पावसात कागद कोरडे ठेवणारा माणूस कोण असेल? भिवाचं निदान पाच अक्षरी इंग्रजी रूप छापलं गेलं. ज्या पावऱ्याने, ज्या भिल्लाने साहेबाला किंवा भिवाला बोट करून 'हे बघा, इकडे आहे' असं दाखवलं, त्याची चिठ्ठीच झाली नाही.

खानदेशच्या बाबतीत आणखी एक अडचण. साहेबांचा दौरा थंडीत असायचा. पावसाळ्यात नाले भरलेले, तंबू लावता येत नाहीत, हिवतापाची भीती. सातपुड्यातल्या कितीतरी नाजूक वनस्पती मात्र आषाढ ते भाद्रपद एवढ्यातच उगवतात, फुलतात आणि संपतात. दौरा निघेपर्यंत त्या वाळून गेलेल्या. म्हणजे आपल्या डोंगराचे सगळ्यात भरलेले तीन महिने जुन्या चिठ्ठ्यांत पातळ असणारच.

आणि चिठ्ठीवर नुसतं 'खानदेश' लिहिलं असेल तर? 1906 पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. मग पूर्व आणि पश्चिम झाले. महाराष्ट्र झाल्यावर त्यांना जळगाव आणि धुळे ही नावं मिळाली. 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. तेव्हा 1890 च्या चिठ्ठीवरचं 'खानदेश' म्हणजे अक्राणीचा डोंगर की जामनेरचं माळरान? कुणाला कळणार? गावाचं नाव एका शब्दाने वाढवलं असतं तर हा प्रश्न पडला नसता. मोडी कागदावर तिथी नसली की आपली जी गत होते, तीच इथे.

आता कुणी म्हणेल, एवढ्या चिठ्ठ्या जपून मिळतं काय? एक सांगतो. 1919 मध्ये सेजविक आणि बेल या दोन अधिकाऱ्यांनी गिरसप्प्याच्या धबधब्याजवळ एक बारीक गवत गोळा करून वाळवलं. तीसेक वर्षं ते कागदावर पडून होतं. मग गवतांचे तज्ज्ञ बोर यांनी ओळखलं, की हे जगाला माहीत नसलेलं गवत आहे. नाव दिलं 'हबर्डिया'. पण तोवर गिरसप्प्याला ते कुणाला पुन्हा सापडेना. ते नाहीसं झालं अशीच नोंद झाली. पुढे शिवाजी विद्यापीठाच्या अभ्यासकांना ते तिलारीच्या बाजूला, आपल्या महाराष्ट्रात, जिवंत सापडलं. ओळखलं कशावरून? त्या वाळलेल्या नमुन्यावरून केलेल्या वर्णनावरून. कागद नसता तर ते पायाखाली आलं असतं आणि कुणाला काही वाटलं नसतं.

खानदेशातही काम झालं, आणि ते इथल्याच माणसांनी केलं, ही आनंदाची गोष्ट. डॉ. डी. ए. पाटील यांचा धुळे-नंदुरबारच्या वनस्पतींचा ग्रंथ 2003 मध्ये आला. क्षीरसागर आणि पाटील यांचा जळगाव जिल्ह्याचा 2008 मध्ये. कूकच्या ग्रंथानंतर शंभर वर्षांनी का होईना, चिठ्ठी लिहिणारा हात इथल्या मातीतला झाला. जो राहणार आहे त्यानेही फूल दाबलं.

आणि आता ते राहणाऱ्यानेच करायला हवं. मघाशी म्हटलं, निघून जाणाऱ्याला फूल दाबावं लागतं. आज निघून कोण चाललंय? एक तर आपली मुलं. चोपड्यातून पुणे, सुरत, आणि पुढे कुठे कुठे. दुसरं, फूलच निघून चाललंय. शेताचा बांध रुंदीने कमी होतो, कापसात तणनाशक फवारलं जातं, केळीच्या बागा वाढतात, नाल्याकाठचं बेट साफ होतं. आजीला गौरीच्या पत्रीतली सगळी पानं ओळखता येत होती, सुनेला निम्मी येतात, नातीला बाजारातून आणलेली जुडी माहीत असते. राहणाऱ्यासाठी फूल दरवर्षी तिथेच येतं, हा जुना भरवसा आता उरला नाही. म्हणून हे काम घराघरात यावं असं मला वाटतं.

ते अवघडही नाही. थोडक्यात सांगतो, लिहून घ्या.

फूल ऊन वर आल्यावर, दव सुकल्यावर घ्या. नुसतं फूल नको, पानं असलेली डहाळी घ्या. छोटं रोप असेल तर मुळासकट, पण तिथे बरीच रोपं असतील तरच. वर्तमानपत्राच्या घडीत ते पसरा. एक पान पालथं ठेवा, म्हणजे मागची बाजूही दिसेल. वरखाली आणखी घड्या, मग दोन फळ्या किंवा प्लायवूडचे तुकडे, आणि वर वजन. पाटा चालेल, जाड पुस्तकांचा गठ्ठा चालेल. दुसऱ्या दिवशी उघडा. फूल मऊ पडलेलं असतं, पाकळ्या नीट करायची वेळ हीच. ओला कागद काढून कोरडा घाला. असं आठवडाभर रोज करा. वजन ठेवून विसरून जाणं ही नेहमीची चूक. चोपड्याच्या उन्हाळ्यात काहीही वाळतं, पण फुलं श्रावणात येतात आणि श्रावणात कागद ओलाच राहतो. तेव्हा कागद बदलण्यातच सगळी मेहनत आहे.

रंगाचा मोह धरू नका. पिवळा बऱ्यापैकी टिकतो, लाल-निळा उतरतो. जितकं लवकर वाळेल तितका रंग जास्त राहतो. निवडुंगासारखी मांसल झाडं दाबल्यावरही कित्येक दिवस जिवंत राहतात, त्यांना आधी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवायचं. वाळलेला नमुना जाड कागदावर दोऱ्याने टाचा. कसर लागू नये म्हणून घट्ट बंद डब्यात ठेवा. जुन्या संग्रहांत पाऱ्याचं विष लावत असत, ते घरी अजिबात नको. आणि अभयारण्यात परवानगीशिवाय पानाला हात लावायचा नाही. यावलचं अभयारण्य आपल्याला जवळ आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. तुमचा बांध, तुमचं अंगण, गावाचा रस्ता पुष्कळ आहे.

आता चिठ्ठी. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली. तारीख, गाव, तालुका, जिल्हा. नेमकी जागा: कोणता नाला, कोणता बांध, कोणत्या देवळामागे. ताज्या फुलाचा रंग आणि वास, कारण ते उद्या कागदावर राहणार नाहीत. झाडाची उंची. जवळपास आणखी काय उगवलंय. स्थानिक नाव, आणि ते कोणत्या बोलीतलं हेही: अहिराणी, पावरी, भिलोरी, तडवी. गुजरातकडे सरकलं की पळसाचा खाखरा होतो, बोली लिहिली नाही तर पुढचा गोंधळेल. शास्त्रीय नाव येत नसेल तर जागा कोरी सोडा, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारं कुणीतरी ते भरेल. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा कोरी जागा बरी.

2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या गावची वही मागून बघा. त्यात नुसती नावांची यादी असेल, तर तुमच्या घरच्या दहा-वीस कागदांमुळे त्या यादीला पुरावा मिळेल.

आणि चिठ्ठीवर शेवटची एक ओळ, जी कूकच्या काळात लिहायची राहून गेली. 'गोळा करणार' याच्याखाली आणखी एक ओळ आखा, 'दाखवणार'. ज्याने बोट करून झाड दाखवलं, नाव सांगितलं, त्याला विचारून त्याचं नाव तिथे लिहा. पूर्ण नाव, आडनावासकट.